नवापूरचा ओटा आणि एक खोडलेला आकडा

हऱ्या, तू गेलास त्याला आज तेवीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर रागावलेलाच आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन, पण आधी आपलं भांडण. पालघर स्टेशनाबाहेरच्या चहाच्या दुकानात ते अर्धवट राहिलं, कारण तुझी गाडी आली आणि तू "उरलेलं पुढच्या रविवारी" म्हणून उठलास. पुढच्या रविवारी तू कावीळ होऊन अंथरुणाला खिळलेला होतास. आजारी माणसाशी भांडू नये इतपत अक्कल मला होती. आता वाटतं, तेवढीही नसती तर बरं झालं असतं.

नवापूरच्या कोळीवाड्यातला पहिला इंजिनियर, किनाऱ्यावरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर उन्हात उभा राहून काँक्रीट ओतून घेणारा, आई-बापाचा एकुलता एक, हे सगळं लोक सांगतील. ते त्यांनी सांगावं. माझ्यापाशी तुझी फाईल आहे. निळ्या पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली, आणि वर तुझ्या त्या गिचमिड अक्षरात 'आपल्या कॉलेजचा इतिहास'. तेराव्याच्या दिवशी नथुबाबांनी, तुझ्या वडिलांनी, ती आतून आणून माझ्या हातात दिली. "ह्ये तुज्या कालेजाचं हाय," एवढंच बोलले आणि पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दारी गेले.

हा इतिहास तुझ्या गळ्यात मारला तो मीच. कॉलेजला दहा वर्षं होणार, स्मरणिका काढायची, त्यात इतिहास हवा, असं प्राचार्य म्हणाले. पहिल्या तुकडीतला मी एकटाच तिथे शिकवायला राहिलेला, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हरेश्वरला सांगा, त्याच्याकडे पहिल्या दिवसाची नोटीससुद्धा जपून ठेवलेली असेल. मला वाटलं होतं, तू कोनशिला कुणी बसवली, हार कुणी घातले, पहिल्या वर्षी किती पास झाले असलं काहीतरी लिहून देशील. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय ते मला पुढे कळलं.

तू सुरुवात केलीस ती पत्र्याच्या शेडपासून. युनिव्हर्सिटीने कॉलेज काढलं, पण इमारत काढायची राहून गेली, असं तुझं पहिलंच वाक्य. मी मोठ्याने हसलो आणि मग घरात एकटाच हसतोय हे लक्षात आल्यावर गप्प झालो. त्या शेडमध्ये आधी मिठाची पोती असायची. पावसात भिंतींना घाम फुटायचा आणि ड्रॉइंगची शीटं सादळायची. आठवतं? शाई फुटून माझी अख्खी शीट वाया गेली तेव्हा मी रडायच्या बेताला आलो होतो, आणि तू म्हणालास, "वश्या, ह्याला खारवलेली शीट म्हणतात, उन्हात टाक, सुकंल." तुझ्या तोंडात सगळ्या गोष्टींचा शेवट सुकवण्यातच व्हायचा.

अख्ख्या कॉलेजात मिळून एकच डम्पी लेव्हल होती, तिला आपण म्हातारी म्हणायचो. जमिनीचा चढउतार मोजायची ती दुर्बीण. तिच्यातून पाहिलं की सगळं उलटं दिसायचं. पहिल्या दिवशी सर्व्हेइंगच्या सरांनी तुला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. तू बराच वेळ पाहिलंस आणि म्हणालास, "सर, तुमी उलटे झालात, पन टोपी पडत नाय." सगळा वर्ग हसला. सर नाही हसले. त्यांनी फक्त विचारलं, "गाव कुठलं?" तू म्हणालास, नवापूर. ते म्हणाले, "मग तुला पाण्याची पातळी शिकवायला नको. बाकीच्यांना तू शिकव."

मी सफाळ्याच्या वाण्याच्या दुकानात वाढलेला. माझं सगळं नीटनेटकं. वह्यांना कव्हरं, पेन्सिलींना टोक, अक्षर मोत्यासारखं. तुझं अक्षर म्हणजे बोय माशांची टोपली. पण हातात कानस आली की मी आंधळा आणि तू राजा. लोखंडाचा चौकोनी तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा तो वर्कशॉपचा जॉब मी आठवडाभर घासला, तरी फटीतून पलीकडचा मास्तर दिसायचा. शेवटच्या सकाळी तू तो घासून दिलास आणि मी तुझ्या सगळ्या शीटांवर लेटरिंग करून दिलं. पुढे तो आपला रिवाजच झाला. माझ्या जॉबवर तुझी कानस, तुझ्या शीटवर माझं अक्षर. लोहारशाळेच्या भट्टीवर तू सुके बोंबील भाजलेस आणि मास्तर वास काढत आले, तेव्हाही नाव माझंच घेतलंस. वाण्याचा मुलगा बोंबील भाजेल यावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून दोघेही सुटलो. हे तू इतिहासात लिहिलं आहेस. प्राचार्य छापतील का, माहीत नाही.

आता खोडरबरांच्या डब्याकडे येतो. तुझ्या फाईलमध्ये त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि खरं तर माझं सगळं आयुष्यच त्या डब्याभोवती फिरलं.

सर्व्हे कॅम्पच्या पहिल्या सकाळी सर बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन रांगेतून फिरायचे. प्रत्येकाने आपलं खोडरबर त्यात टाकायचं. कॅम्प संपेपर्यंत ते परत मिळायचं नाही. फील्ड बुकात, म्हणजे मोजणीच्या वहीत, पेन्सिलीने लिहायचं आणि चुकलं तर खोडायचं नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, बाजूला सही करायची. "चूक वाचता आली पाहिजे," सर म्हणायचे. "खोडलीत, तर ती कुठे झाली हेही गेलं. मग ती शोधायची कुणी?" त्या सकाळी मी माझं खोडरबर दातांनी तोडलं, अर्धं डब्यात टाकलं आणि अर्धं खिशात ठेवलं. वाईट हेतू नव्हता रे. वहीत एकावर एक रेघा मारलेले आकडे मला बघवायचे नाहीत, इतकंच.

तिसऱ्या वर्षाचा आपला कॅम्प बोईसरला होता. शाळेच्या वर्गांत मुक्काम. रिवाज असा, की बोईसर स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ती घ्यायची, म्हातारी खांद्यावर मारायची, टप्प्याटप्प्याने उंची मोजत नवापूरच्या किनाऱ्यापर्यंत जायचं आणि मोजतच परत यायचं. परत पाटीपाशी आल्यावर पाटीवरचाच आकडा यायला हवा. आला, तर काम खरं. दुर्बिणीतून वाचायचं आणि लिहायचं काम माझं. आकड्यांची पट्टी उभी धरायचं काम तुझं, कारण तुझ्यासारखी पट्टी सरळ कुणालाच धरता यायची नाही.

त्या वर्षी कामाला अर्थही आला होता. नवापूरच्या बायकांना मासळी सुकवायला सिमेंटचा ओटा हवा होता. ग्रामपंचायत बांधायला तयार होती, पण तो इतका उंच हवा की उधाणाचं पाणी चढणार नाही. सर म्हणाले, उंची आमची मुलं काढून देतील. नथुबाबांनी आपल्याला खाडीच्या तोंडाशी नेऊन एक काळा दगड दाखवला. "उधानाचं पानी ह्याच्या मानेपत्तूर येतं. माज्या बापानं दावलं, मी तुमाला दावतो." त्या मानेपेक्षा एक फूट वर ओट्याचा माथा ठेवायचा ठरलं. ओट्याची जागा मात्र वळणापलीकडे, सुरूच्या झाडांमागे. नुसत्या डोळ्यांनी तुलना करता येण्यासारखी नव्हती. आपण दगडापासून मोजत गेलो, तिथे खुंटी ठोकली आणि तिच्यावर माथ्याची खूण केली.

नथुबाबा त्या खुंटीकडे पाहत उभे राहिले. "हरेश, जरा खाली वाटतं रं." आणि तू, हऱ्या, बापाला म्हणालास, "बाबा, यंत्रानं मोजलंय. वसंताने वाचलंय." तू माझ्या शब्दावर बापाचा शब्द खाली केलास, हे मी विसरायचं म्हटलं तरी कसं विसरणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी आपण बोईसर स्टेशनवर परत पोचलो. तू नळावर पाय धुवायला गेलास. मी पाटीखाली बसून बेरजा-वजाबाक्या केल्या. एक फूट जास्त आलं. पुन्हा केल्या. तेच. म्हणजे जाता-येता कुठेतरी मी एक वाचन फुटाने चुकवलं होतं. ते शोधायचं तर सगळी वाट पुन्हा चालायची. दोन दिवस मोडले असते. बाकीच्या गटांचे आकडे जुळले होते, आणि सगळ्यात सुबक फील्ड बुक माझं असणार हे कॅम्पला माहीत होतं. मी खिशातून अर्धं खोडरबर काढलं. परतीच्या वाटेवरचा एक चार होता, त्याचा पाच केला. चूक कुठे आहे ते मी शोधलंच नाही. जिथला आकडा बदलायला सोपा, तिथला बदलला. तू ओले पाय घेऊन आलास आणि विचारलंस, "जुळलं?" मी म्हटलं, "जुळलं." तू मला उचलून गोल फिरवलंस.

खरी चूक दगड आणि ओटा यांच्या मधे होती. ती तशीच राहिली. खुंटी एक फूट खाली होती. नथुबाबांना नुसतं बघून कळलं होतं ते.

माघात ओटा बांधून झाला. वैशाखातल्या अमावस्येला, भर दुपारच्या भरतीला, समुद्र त्यावर चढला. पावसाआधीचा शेवटचा माल, जवळा आणि बोंबील, नारळाच्या झापांखाली रचून ठेवलेला. बायकांच्या डोळ्यांदेखत भिजला. ऊन लखलखीत पडलेलं आणि पाणी हळूहळू वर येतंय, बायका टोपल्या घेऊन धावतायत, तरी निम्मंही वाचलं नाही. हे सगळं मी तुझ्या तोंडून ऐकलं. जनाबायचा माल सगळ्यात जास्त गेला. तिने तुला भर वाड्यात गाठलं. "विंजनेर, समिंदराला तुजी पट्टी समजली नाय रं!" लोक हसले. ते हसू पुढे कायमचं झालं. त्या ओट्याला आजही 'हरेशचा ओटा' म्हणतात. त्यावर मासळी कुणी सुकवत नाही. जाळी विणतात, लग्नाचे मांडव घालतात.

त्या जूनमध्ये तू कॉलेजात परत आलास तेव्हा वाळला होतास. शेडमागे बसून मला विचारलंस, "वश्या, माज्या हातनं पट्टी वल्या रेतीत बसली असंल काय रं? दगडापाशी?"

मी म्हटलं, "असेल."

बस, एवढा एकच शब्द. सरांनाही तू तेच जाऊन सांगितलंस आणि त्यांनी आपल्या अहवालात 'वाळूत पट्टी खचल्याची शक्यता' असं लिहिलं. त्यांनी माझं बुक मागून तपासलं होतं, पण बेरजा बरोबर होत्या आणि अक्षर सुंदर होतं. मी सुटलो. तू अडकलास. त्यानंतर तू सुट्टीत गावी जायचास तेव्हा ओट्याच्या वाटेने जायचा नाहीस, हे मला माहीत होतं. तरी मी बोललो नाही. आधी परीक्षा होती, मग नोकरी मिळवायची होती, मग नोकरी मिळाली होती. सर निवृत्त झाले तेव्हा तो बिस्किटांचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. आता दर वर्षी मी तो घेऊन रांगेतून फिरतो, आणि मुलं माझ्यासमोर आपली खोडरबरं टाकतात. खिसे तपासायचं धाडस मला कधी झालं नाही.

तरीही तू माझा मित्र राहिलास, हे मला आजवर कळलेलं नाही. माझ्या लग्नात तू नवापूरहून पापलेटं आणलीस आणि माझ्या आईच्या सोवळ्या स्वयंपाकघराबाहेर उभा राहून विचारलंस, "काकू, ही कुठं ठेवू?" आईने कपाळाला हात लावला आणि मग शेजारच्यांच्या घरी ती शिजवायला लावली. मला नोकरीत कायम केलं त्या दिवशी तू साइटवरून सिमेंटच्या धुळीत तसाच सफाळ्याला आलास. आनंद माझा होता आणि डोळे तुझे भरले होते. मी तुला धड मिठीही मारली नाही, सदरा खराब होईल म्हणून.

मग हा इतिहास आला. तू रजा काढून कॉलेजच्या भांडारात बसू लागलास. जुनी रजिस्टरं, हजेऱ्या, फील्ड बुकं चाळू लागलास. एका रविवारी पालघरला चहा पिताना सहज म्हणालास, "ओट्याचं लिहायला पाहिजे." मी बशी खाली ठेवली.

"स्मरणिका आहे ती. लोक कौतुकाने वाचणार. त्यात फसलेलं काम कशाला?"

"इतिहास मागितलाय ना? पास झालेल्यांची यादी मागितली असती तर तीच दिली असती."

"विद्यार्थी काय म्हणतील? कॉलेजचं नाव काय राहील?"

मग म्हणालास, "पाटीवरची उंचीच चुकीची लिहिली, तर तिथनं पुढचं सगळं मोजमाप काय कामाचं?" मी चिडलो. तुला म्हटलं, तुला गावात तोंड दाखवायला जागा हवी म्हणून तू हे उकरतोयस. हे मी बोललो, हऱ्या. कुणाला? तुला. तुझी गाडी आली. तू म्हणालास, उरलेलं पुढच्या रविवारी.

तुला पाहायला आलो तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. तुझी आई उसाच्या रसाचा पेला घेऊन उभी होती आणि तू तो टाळत होतास. मी तेच ते बोललो, तेल टाळ, विश्रांती घे, साइट काही पळून जात नाही. तू विचारलंस, "कॅम्प कधी हाय?"

"दिवाळी झाली की."

"डबा नेतोस ना?"

"नेतो."

तू मान हलवलीस आणि माझ्याकडे पाहत राहिलास. वाट पाहत होतास, आता कळतं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि गाडीची वेळ झाली म्हणालो. गाडीला अजून पाऊण तास होता. बोईसर स्टेशनवर त्याच पाटीखाली बसून मी तो काढला. आठवड्याने तुझ्या साइटवरचा माणूस निरोप घेऊन आला. मी पोचलो तेव्हा तुला अग्नी देऊन माणसं किनाऱ्यावरून परत फिरली होती.

फाईल मी परवा उघडली. ओट्याचं प्रकरण शेवटी आहे, आणि त्याच्या पानांमध्ये माझं फील्ड बुक. भांडारातून तू ते काढलंस तरी कधी? माझं मोत्यासारखं अक्षर, आणि परतीच्या वाटेवरचा तो पाच. उजेडात धरलं की तिथला कागद पातळ झालेला दिसतो, खालचा चार अजून थोडा दिसतो. म्हणजे चहाच्या दुकानात तुला सगळं माहीत होतं. मी तुला नको ते बोललो तेव्हाही माहीत होतं. अंथरुणावरून डब्याचं विचारलंस तेव्हाही.

तू काय लिहिलं आहेस ते इथे जसंच्या तसं उतरवतो. 'नवापूर येथील ओट्याची उंची चुकली. पट्टी वाळूत खचल्याचे अहवालात नमूद आहे, ते खरे नाही. फील्ड बुकातील एक वाचन खोडरबराने बदललेले आहे. त्यामुळे मूळ चूक सापडली नाही आणि गावाचे नुकसान झाले. ही चूक करणारा विद्यार्थी म्हणजे प्रस्तुत लेखक होय.'

प्रस्तुत लेखक! अरे, आयुष्यात दुर्बिणीला डोळा लावलास तो सरांची टोपी पाहायला. माझ्या जॉबवर कानस मारावी तसं तू माझ्या पापावर तुझं नाव घातलंस. कॉलेजचा इतिहास खरा राहावा आणि माझी नोकरी, माझा डबा, माझी अब्रूही राहावी, अशी मधली वाट काढलीस. आणि स्वतःची अब्रू समुद्रात लोटलीस. मला इतका राग आला की मी फाईल भिंतीवर फेकली, आणि मग पानं गोळा करताना रडलो. तू गेल्यावर पहिल्यांदा.

काल नवापूरला गेलो. नथुबाबा ओट्यावर बसून जाळं सांधत होते. मी उभाच राहिलो. बसायची हिंमत होईना. सगळं सांगितलं, खिशातल्या अर्ध्या खोडरबरापासून. त्यांचे हात थांबले नाहीत.

"पट्टी वल्या रेतीत बसली, असा तो सांगायचा," ते म्हणाले. "मी ऐकून घ्यायचो. पन माजा पोरगा चालाय शिकला तोच वल्या रेतीवर. कुटं रुततं नि कुटं नाय, ह्ये त्याला कालेजात शिकवाय पायजे होतं? त्याच्या हातात पट्टी बसायची नाय. मला पयल्या दिवसापास्नं मायत हाय."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"यंदा बोललो त्याला. तो ह्येच कागद लिवत बसलेला. तर बोलला, बाबा, वसंता येल. त्याचा तोच येऊन सांगंल. तवर कुनाला बोलू नका."

मी खाली बसलो. त्यांनी जाळं थोडं सरकवून जागा करून दिली. मग पलीकडे टोपली घेऊन चाललेल्या जनाबायला हाक मारली. "जने, इकडं ये. ह्यो काय सांगतो त्ये ऐक." आणि मला म्हणाले, "सांग. मला सांगितलंस तसाच सांग."

मी पुन्हा सांगितलं. वर्गात साठ मुलांपुढे बोलणारा माणूस मी, पण एका बाईपुढे माझी जीभ वळेना. आणखी दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. मला त्या हव्याही होत्या. जनाबायने टोपली खाली ठेवली आणि ओट्याच्या कडेवरून हात फिरवला.

"सात वर्सं त्याला आमी हसलो," ती म्हणाली. "समोरनं गेला की हसलो. तो बी हसायचा रं."

मग ती टोपली उचलून गेली. मी निघताना नथुबाबांनी विचारलं, "आता त्या कागदात तुजं नाव लिवनार?"

"लिहिणार. प्राचार्य छापोत, न छापोत. आणि दिवाळीनंतर मुलांना इथेच आणणार, या ओट्यावर. डबा फिरवायच्या आधी त्यांना हे सांगणार. मग त्यांनी माझ्या हातात डबा ठेवायचा की नाही ते ठरवावं."

त्यांनी मान हलवली. ते शाळेत गेलेले नाहीत, तुला माहीतच आहे. तुझ्या लिहिलेल्या पानांवरून रोज फडकं फिरवायचे, असं तुझी आई सांगत होती. जाळ्यातली सुई थांबवून ते म्हणाले, "लिव. पन त्याचं अक्षर पुसू नको."

नाही पुसलं, हऱ्या. आज सकाळी टेबलाशी बसलो. 'प्रस्तुत लेखक' या शब्दांवर एकच बारीक रेघ मारली. वर माझं पूर्ण नाव लिहिलं आणि बाजूला सही केली. रेघेखालचं तुझं अक्षर नीट वाचता येतं.